डोंगराकडची बाजू

पावसाळ्यात माझी नोकरी डोंगराकडे बघण्याची होती. कसाऱ्याच्या घाटात रुळांवर दगड येतोय का, माती सुटतेय का, हे पाहत गस्त घालायची आणि काही दिसलं तर लाल दिवा दाखवून गाडी थांबवायची. गाडीतले लोक धबधबे बघायला खिडकीशी गर्दी करायचे, मला हात हलवायचे. मीही हलवायचो, पण आतून चिडलेला असायचो. माझी थोरली बहीण, जिला आम्ही बाय म्हणायचो, तिला मुरबाडकडे सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका पाड्यावर दिलेली होती. तिच्या घरामागेही डोंगरच होता आणि त्याच्यावर गस्त घालायला कुणी नव्हतं.

त्या डोंगराला नव्वदच्या सुमारास भेग पडली. वरीच्या शेतातून आडवी गेलेली, बोटभर रुंद. आत पाणी जाऊ नये म्हणून पाड्यातले लोक दर वैशाखात तिच्यात माती ठासायचे, वरून शेणानं सारवायचे. पुढच्या वैशाखात ती पुन्हा उघडलेली असायची. पावसाच्या तोंडावर कचेरीतून नोटीस यायची की सुरक्षित ठिकाणी जावे. कुठे जावे ते नोटिशीत नसायचं. आजूबाजूची सगळी मोकळी जागा जंगलाच्या हद्दीत, तिथे मेख ठोकायची सोय नाही. आई जेऊ घालीना, बाप भीक मागू देईना, असला सगळा प्रकार.

आमच्या कामातली एक खूण मी बायला सांगून ठेवली होती. घरामागच्या झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं की भांडीकुंडी बघत बसायचं नाही, निघायचं. एका आषाढात तसं झालं. बाय सासऱ्यांशी भांडून घराबाहेर पडली आणि तिचं बघून सगळा पाडा लांबच्या शाळेत जाऊन राहिला. नेमकी भाताची आवणी चालू होती. लावायची रोपं जागच्या जागी वाढली, पिवळी पडली. मग पाऊस ओसरला आणि डोंगर होता तिथेच होता.

त्या वर्षी पाड्यात भात जवळजवळ झालंच नाही. बायचे सासरे मला तोंडावर काही बोलले नाहीत, पण मी दिसलो की पोरं विचारायची, "मामा, डोंगर पोखरून उंदीर तरी निघाला का?" मी हसायचो. एकदा मनात आलं, पडला असता तर निदान मी खरा ठरलो असतो. त्या विचाराची मला फार लाज वाटली. पुढच्या पावसात झरा पुन्हा गढूळ झाला. या वेळी कुणी हललं नाही. बाय तेवढी दिवसभर दारात बसून होती, असं मला नंतर कळलं.

पुढे बायची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. ज्येष्ठात मी बाळाला बघायला गेलो, पण आधी वर डोंगरावर जाऊन आलो. भेगेत माझा हात कोपरापर्यंत गेला. खालच्या अंगाची जमीन चांगली वीतभर खचली होती.

खाली आलो तेव्हा बाय पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिनं माझ्या पायांची माती बघितली.

"वर गेलतास."

"हो."

"मग मला काय सांगू नको रे. त्या टायमाला माजं आयकलं समद्यांनी. आता कोन आयकनार नाय. माजी झोप तेवढी जाईल."

मी म्हटलं, निदान लेकीला नि बाळाला माझ्याबरोबर कसाऱ्याला पाठव.

"सवा महिना झाला नाय अजून. बाळंतिनीला उंबरा वलांडू देतील का?"

सवा महिना भरेपर्यंत पाऊस धरणार, हे तिलाही ठाऊक होतं. मी पाय धुतले.

आत बाळाची झोळी बांधायची होती. पुढच्या पडवीचं छप्पर गळकं होतं, चुलीकडे धूर. घरात कोरडी अशी डोंगराकडचीच बाजू होती. बायचा हात तुळईला पोचेना, म्हणून तिनं दोर माझ्याकडे दिला. मी गाठ मारली आणि दोनदा ओढून बघितली. गाठ पक्की बसली होती.