मशीननं पास केलेली किटली

चहा ठेवा खाली आन् हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या, कारण मी जे करून बसलो ना, ते नुसतं आठवलं तरी माझं डोकं फिरतं!

तेव्हा मी जालन्याजवळ एका मोसंबी-रसाच्या कारखान्यात केमिस्ट होतो. साहेबांनी एक मशीन आणल्ती. रसातून न दिसणारा उजेड सोडायचा, की मिनिटात आंबटपणाचा आकडा हजर. आंबट निघाला की माल वापस. पण ती काही शिकूनसवरून येत न्हाई हो! दोन महिने मी मोसंबीचा रस ब्युरेटनं तपासून तपासून तिला आकडे भरवले. आन् लाड किती? तिला उकडू नये म्हणून खोलीत एसी. त्यात बसून माझं नाक सदा चोंदलेलं.

बागायतदार मात्र बिथरले. ही पेटी आपलं फळ आंबट ठरवणार, म्हणून कुणी माल द्यायला तयार न्हाई. साहेब म्हणले, उद्या बोलवा त्यांना, पटवा, न्हाईतर दुसरी नोकरी पाहा. आन् विरोध करणाऱ्यांचा पुढारी कोण? माझेच सासरे, टेंभुर्णीचे! मी मामा म्हणतो त्यांना. घरात मशीनचं नाव काढलं की आमची बायकोसुद्धा बापाच्या बाजूनं.

दुसऱ्या दिवशी सगळे आले. मामांनी झाकणाची किटली पुढं केली, म्हणले, घरूनच रस काढून आणलाय, लावा मशीनला. लावला. आकडा आला एकदम कमी, म्हणजे बिलकुल गोड. मी खूश! मामा मात्र आकड्याकडं पाहतच राह्यले.

"जावईबापू, मशीन चुकत तर न्हाई ना?"

झालं, माझं टाळकंच सटकलं. दोन महिने मरमर केली ती हे ऐकायला? म्हणलो, "मामा, माणूस चुकंल, मशीन न्हाई. थांबा, पिऊनच दाखवतो." आन् किटलीतून गिलास काठोकाठ भरून तोंडाला लावला.

लिंबू! निव्वळ लिंबू, ना साखर ना मीठ! बंद नाकाला वास कुठून येणार? आन् मशीनला तरी काय बोलावं? मीच तिला मोसंबीशिवाय काही दाखवलं नव्हतं, लिंबाला ती काय ओळखणार! दात आंबले, कानशिलं ताठली, डोळ्यांतून पाणी. पण थुंकलो तर मशीन गेली, नोकरी गेली. तसाच अख्खा गिलास संपवला.

"कसा आहे?" मामांनी विचारलं.

"गोड," मी म्हणलो. आवाज कुणाचा निघाला देव जाणे.

मामांनी मंडळींकडं पाह्यलं. म्हणले, मशीन एकदम बराबर आहे, आपला काही विरोध न्हाई. सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेबांनी माझी पाठ थोपटली आन् मी नळाकडं पळालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर पहिला ट्रॅक्टर मामांचा. ट्रॉली गच्च भरलेली, लिंबांनी! मी हात जोडले. म्हणलो, मामा, हा मोसंबीचा कारखाना आहे. पण मामा माझ्याशी बोलायलाच तयार न्हाईत. सरळ साहेबांकडं वळले आन् शांतपणे म्हणले,

"बाजारात सध्या लिंबाला कुत्रं विचारून न्हाई राह्यलं, साहेब. तुम्ही मोसंबीच्या भावानं घ्या. मशीननं गोड म्हणलंय, आन् तुमच्या केमिस्टनं गिलासभर पिऊन दाखवलंय."