फॉर्मची पहिली बाजू

तिला सगळे पार्सलवाली म्हणत. आधी ती कापडाच्या दुकानात होती, मग फोनवर ऑर्डर घ्यायला, मग डब्यांवर लेबलं चिकटवायला. कुठेच तिचं बूड टेकलं नाही. स्कूटरला मागे पेटी बांधून पार्सलं पोचवायला लागली आणि सहा वर्षं टिकली. पार्सल दिलं, सही घेतली, पुढचा जिना.

तिची धाकटी आठ वर्षांची. घरातलं नाव भिंगरी. वर्गात बाकावर उभी राहायची, दुसऱ्याला विचारलेल्याचं उत्तर आधीच ओरडायची. एकदा मधल्या सुट्टीत सायकलींच्या शेडवर चढून तिने उडी मारली आणि मनगट मोडून घेतलं.

"ओरडून काही होत नाही, मी करून पाहिलंय," तिच्या बाई म्हणाल्या. "मुलांच्या डॉक्टरांना दाखवा एकदा."

"तुझ्यावरच गेलीय," नवरा म्हणाला. पार्सलवालीला ते चांगलंच झोंबलं.

अकरा वर्षांच्या थोरलीला घरी एकटं ठेवायचं कसं, म्हणून तीही दवाखान्यात सोबत निघाली. तिचा कुणाला त्रास नव्हता. फक्त महिन्याकाठी दोन डबे हरवायची आणि दात घासायला गेली की नळ सोडून आरशात बघत राहायची. त्या दिवशी निघताना तिचा एक बूट सापडेना, तेव्हा पार्सलवालीने तिला दोन धपाटे घातले. "आळशीपणाचा कळस आहे नुसता!"

दवाखान्यात भिंगरी प्लास्टरचा हात मिरवत खुर्च्यांवरून उड्या मारत होती. पार्सलवालीच्या हातात फॉर्म आला. वस्तू हरवतात का? बोललेलं ऐकूच आलं नाही असं वाटतं का? हाती घेतलेलं अर्धवट राहतं का? ती भराभर खुणा करत गेली. नेहमी, नेहमी, नेहमी. पान उलटलं, तर तिथे धावणं, चढणं, मध्येच बोलणं. ही भिंगरी. मग पहिलं पान कुणाचं भरलं? तिने मान वळवली. थोरली पंख्याकडे बघत बसली होती.

"डॉक्टर, घोटाळा झाला," आत गेल्यावर ती म्हणाली. "आले हिच्यासाठी, आणि अर्धा फॉर्म तिचा भरून बसले."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "एडीएचडी म्हटलं की लोकांना उड्या मारणारं मूल दिसतं. पण काहींचं फक्त लक्षच धावतं, काहींचं फक्त अंग, काहींचं दोन्ही. गप्प मूल कुणाला नडत नाही, म्हणून राहून जातं. एका कागदावर ठरत नाही हं. दोघींच्या वर्गातून माहिती मागवू."

"म्हणजे ती मुद्दाम करत नाही?"

"नाही."

पार्सलवाली उठली, बसली, परत उठली. "मी सकाळीच मारलं हो तिला."

बाहेर आल्यावर तिने थोरलीचा हात धरला. "चुकलं माझं. तू ऐकत नाहीस असं वाटायचं मला."

"ऐकते गं. पहिलं ऐकते. मग त्याचाच विचार करते, तोवर बाकीचं निघून जातं."

तपासण्यांत दोन महिने गेले. दोघींनाही एडीएचडी निघालं, थोरलीचं लक्ष निसटण्याचं, भिंगरीचं दोन्ही प्रकारचं. शाळेत बाईंनी भिंगरीला फळा पुसायचं, वह्या वाटायचं काम दिलं, म्हणजे उठायला हक्काचं कारण. थोरलीला पुढच्या बाकावर बसवलं. घरी मात्र पार्सलवालीचीच परीक्षा होती. पाच कामं एका दमात सांगायची तिची सवय; आता खांद्यावर हात ठेवून एकच सांगायचं, आणि ते होईपर्यंत थांबायचं. थांबताना तिचा पाय आपटत राही. भिंतीवर लावलेला कामांचा तक्ता भिंगरीने चौथ्या दिवशी फाडला. मग त्या पोरीनेच नवा काढला, तोही वाकडातिकडा. काही दिवस चांगले गेले, काही पार वाया. ओरडणं कमी झालं. थांबलं असं नाही.

सहामाहीनंतर थोरलीच्या सरांनी पार्सलवालीला बोलावलं. आता काय हरवलं?

"काल वर्गात हात वर केला तिने," सर म्हणाले. "म्हणाली, तुमचं तिसरं वाक्य निसटलं, परत सांगा."

"मग?"

"पोरं हसली. मी परत सांगितलं. तर आणखी चौघांनी लिहून घेतलं."