पखवाज आणि ढेरी

हितेंद्र परबची ढेरी आणि त्याचा पखवाज यांच्यात बरीच वर्षं जागेवरून तंटा चालू होता. मांडी घालून बसलं की ढेरी पुढे यायची, पखवाज चार बोटं लांब सरकायचा आणि हितेंद्रला ओणवं होऊन वाजवावं लागायचं. वय त्रेचाळीस, वजन शहाण्णव. नोकरी दादरच्या एका पतपेढीत आणि घर करी रोडला, चाळ पाडून बांधलेल्या टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर. पण लालबाग-परळात कुणी त्याला पतपेढीवाला म्हणून ओळखत नसे. तो आनंदाबुवा पेडणेकरांचा पखवाजी होता. डबलबारीत दोन बुवा समोरासमोर बसून भजनातून एकमेकांना सवाल टाकतात, तेव्हा बुवांच्या उजव्या हाताला तीन-तीन तास हाच बसलेला असायचा.

मे महिन्यात डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. साखर अगदी कुंपणावर होती. बायको सीमा बरोबरच होती, त्यामुळे घरी येऊन काही लपवायची सोय राहिली नाही. दुसऱ्याच दिवशी तिने नाक्यावरच्या जिममध्ये त्याचं नाव घातलं.

तिथली ट्रेनर तेजस्वी वरळी कोळीवाड्यातली, सव्वीस वर्षांची. तिने त्याला पहिल्याच दिवशी "काका" म्हटलं आणि हातात डंबेल्स दिले. हितेंद्रला जिम आवडली, हेच आश्चर्य. घाम निघाला की बरं वाटायचं. पण जिमची वेळ सकाळी सहा ते सात, आणि वीस वर्षं रियाजाची वेळही तीच. त्याने रियाज पाचला आणून पाहिला, तर खालच्या मजल्यावरचे तक्रार घेऊन आले. शिवाय दुपारी पतपेढीत एका आजींचं पासबुक हातात धरून तो बसल्या बसल्या पेंगला. मग रियाज सुटला. रात्री करू, रविवारी करू, असं म्हणता म्हणता तीन आठवडे गेले.

भजनी मंडळाच्या खोलीत शनिवारी तालीम होती. बुवांनी लय वाढवली आणि हितेंद्रची बोटं मागे राहिली. दंड भरलेले, मनगट आखडलेलं. थाप पडायची ती जात्यावर पडल्यासारखी. बुवांनी गाणं थांबवलं. वय बहात्तर, उभी हयात गिरणीत आणि भजनात गेलेली. ते रागावले नाहीत, नुसतं म्हणाले, "हितू, हात खंय ठेवन इलंस?"

सगळे हसले. हितेंद्रही हसला, पण घरी जाताना त्याला कसंतरीच झालं. सोमवारपासून त्याने जिम बंद केली.

आठवडाभराने तेजस्वीने त्याला भाजीवाल्यापाशी गाठलं. "काका, फी भरून घरी बसता होय?"

त्याने खरं ते सांगितलं. ती चिडेल असं त्याला वाटलं होतं. ती म्हणाली, "मला आधी का नाही बोललात? मी तुम्हाला ऑफिसवाला समजून वजनं देत होते. कधी वाजवता? मला बघायचंय."

पुढच्या तालमीला ती खरोखर आली, कोपऱ्यात सतरंजीवर बसली आणि मोबाईलमध्ये काहीबाही टिपत राहिली. भजन तिने किती ऐकलं कोण जाणे, पण हितेंद्रचा उजवा खांदा कुठे उचलतो, पाठ कितव्या मिनिटाला वाकते, डावा पाय कधी बधिर होतो, हे तिने अचूक हेरलं. तालीम संपल्यावर तिने निकाल दिला. सोमवार, बुधवार, शुक्रवार जिम; बाकीच्या सकाळी रियाज. डंबेल्स एकदम हलके. भर पाठीवर, पोटावर आणि मांड्यांवर. बारीच्या आधी दोन दिवस हाताला वजन लावायचं नाही. आणि ऑफिसला रोज चालत जायचं.

"करी रोडवरून दादर?" हितेंद्रने विचारलं.

"तेवढ्यात तुमचे ते बोल म्हणून होतील ना," ती म्हणाली.

झाले की. परळवरून हिंदमाताच्या दिशेने हितेंद्र रोज चालू लागला, तोंडाने बोल आणि बोटांनी ऑफिसच्या बॅगेवर ठेका. पहिले दोन दिवस त्याला लाज वाटली. मग लक्षात आलं, हल्ली रस्त्यावर निम्मी माणसं एकटीच बोलत चाललेली असतात. कुणी मान वर करून बघत नाही. चालीची लय आणि बोलांची लय जुळली की दादर कधी आलं ते कळायचं नाही. एकदा तोच तुकडा तीनदा म्हणून तिहाईची सम नेमकी लाल सिग्नलवर आली, तेव्हा तो दिवसभर खुशीत होता.

पाच महिन्यांत वजन एकोणनव्वदवर आलं. साखर कुंपणाच्या आत आली. सीमाने दोन पँटी आल्टर करून आणल्या.

नोव्हेंबरात रविवारी दुपारी परळच्या एका हॉलमध्ये बारी झाली. समोर कणकवलीकडचे तरुण बुवा, त्यांचा पखवाजीही तयारीचा. हितेंद्र ताठ बसला. तिसऱ्या तासाला समोरच्या पखवाजीची मान लवू लागली, तेव्हा बुवांनी हितेंद्रकडे पाहिलं आणि गजर चढवला. हात त्यांच्याबरोबर गेला, एकदा तर पुढेही गेला. हॉल टाळ्यांनी भरला. सीमा पहिल्या रांगेत होती, शेजारच्या बाईंना ती सांगत होती, "आमचे आहेत ते."

उठताना बुवा त्याच्या कानाशी म्हणाले, "आज बरा वाजवलंस."

तेजस्वी मागून पुढे आली. तिला पखवाज हाताळून बघायचा होता. हितेंद्रने तिला मांडी घालून समोर बसवलं, हाताची ठेवण दाखवली. ऐंशी किलो वजन सहज उचलणारी ती पोरगी पाच मिनिटांत चुळबुळू लागली, सातव्या मिनिटाला तिने पाय लांब केले.

"काका, तुम्ही असे तीन तास बसता?" ती पोटऱ्या चोळत म्हणाली.

"मंगळवारी सकाळी ये घरी," हितेंद्र म्हणाला. "पहिला महिना नुसतं बसायला शिकवतो."

ती आली. सीमाने दोघांना नाचणीची आंबील दिली, आणि खालच्या मजल्यावरचे अजून उठले नसतील म्हणून त्यांनी सुरुवात हलक्या हाताने केली.