अंगारा आणि अँटिसेप्टिक

ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी सकाळी शेवंतीला हुडहुडी भरून ताप चढला, तेव्हा तिची आई वॉर्डाबाहेर व्हरांड्यात बसलेली होती. मीच तिला तीन दिवस उंबरा ओलांडू दिला नव्हता. त्यामुळे या तापाचं खापर आईवर फोडायची सोय उरली नव्हती.

साठ-बासष्टचा सुमार. जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. किनाऱ्यावरच्या आमच्या छोट्या धर्मादाय हॉस्पिटलात मी सिस्टर इनचार्ज होते. न्यूमोनियानंतर काही मुलांच्या छातीत, फुप्फुसाभोवती पू साठतो. मुंबईचे सर्जन पंधरवड्यातून एकदा लाँचने रेवसला उतरायचे. बरगडीचा तुकडा काढून छाती उघडायची, पू काढायचा, निचऱ्यासाठी नळी ठेवायची आणि परतीची लाँच पकडायची. पुढचं सगळं माझ्या गळ्यात.

शेवंती तळा गावाकडची, सहा वर्षांची. तिच्या आधीच्या खेपेला चौलचा गणू होता, पाच वर्षांचा. त्यालाही तिसऱ्याच दिवशी अशी थंडी वाजली आणि पाचव्या दिवशी तो गेला. जखम कोरडी होती. जंतू रक्तात भिनले होते. थंडी वाजायच्या आदल्या दिवशी त्याच्या आईने, ताराबाईने, पट्टीच्या कडेला देवळातला अंगारा लावलेला मी पाहिला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो गेल्यावर अख्ख्या वॉर्डासमोर मी तिला म्हटलं, "तुझ्या त्या अंगाऱ्याने पोर गेलं. कळलं?"

ती पोराला उचलून निघून गेली.

शेवंतीचं रक्त काढून कल्चरच्या बाटलीत घातलं. कल्चर म्हणजे रक्तात कोणता जंतू आहे ते वाढवून बघायचं. कंपाउंडर ती बाटली घेऊन लाँचने मुंबईला गेले. दोन दिवसांनी सर्जनचा ट्रंक कॉल आला.

"सिस्टर, छातीतल्या पुवातला जंतू हा नव्हे. हा पाण्यात, ओलीत वाढणारा. गणूच्या रक्तातही हाच असणार."

"साहेब, आमच्याकडे सगळं उकळलेलं असतं."

"सलाइनची नळी उकळल्यावर कशात ठेवता?"

"अँटिसेप्टिकमध्ये."

"ती बाटली रिकामी करून शेवटची कधी धुतली?"

"रिकामी होऊच देत नाही, साहेब," मी म्हटलं. वर ठसक्यात म्हटलं!

आमच्या घरी मिठाची बरणी कधी रिकामी होऊ देत नसत. तळ दिसायच्या आत भर घालायची. तीच शिस्त मी वॉर्डात लावली होती. बाटली निम्मी झाली की नवं औषध आणि पाणी ओतायचं, वर बूच दाबायचं. नव्या पोरींनाही मी हेच शिकवत होते.

साहेब म्हणाले, "सलाइन काढा. बाटली बुचासकट पाठवून द्या. मी इंजेक्शनं पाठवतो."

बाटलीच्या तळात आणि बुचात तोच जंतू निघाला. अहो, जंतू मारायच्या औषधात जंतू सुखाने नांदत होता! पातळ झालेलं जुनं औषध त्याला मारत नव्हतं आणि बूच त्याला घर देत होतं. आम्ही नळ्या त्यात बुडवत होतो आणि त्या थेट मुलांच्या शिरेला जोडत होतो.

शेवंतीला सहा दिवस इंजेक्शनं दिली. सातव्या दिवशी ताप उतरला. पुढे ती आपल्या पायांनी चालत एस.टी.त बसली.

पुढच्या खेपेला सर्जन म्हणाले, "रिपोर्टात लिहिलंय सगळं. गावभर सांगत फिरू नका, सिस्टर."

"एकीला तरी सांगायला हवं, साहेब."

रविवारी चौलला गेले. ताराबाई अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होती. मला पाहून उठून उभी राहिली. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. अंगाऱ्याने काही झालं नाही, आमचं औषध नासलेलं होतं.

"म्हंजे माज्या हातान न्हाय गेला माजा पोर?"

"नाही, ताराबाई. माझ्या हाताने."

मला वाटलं, ही आता शिव्या घालील. घालायलाच हव्या होत्या. तिने पदराने तोंड पुसलं आणि ओटीवर बसलेल्या म्हातारीकडे बोट दाखवलं.

"बाय, माज्या सासूला सांगा. मोठ्यान सांगा, तिला कमी आयकू येतं."

मी मोठ्याने सांगितलं. म्हातारीला कळेना, तेव्हा आणखी मोठ्याने. शेजारच्या घरांतली माणसं कुंपणाशी आली. त्यांनाही सांगितलं. वॉर्डात सगळ्यांदेखत ओरडताना मला लाज वाटली नव्हती, त्या अंगणात वाटली.

त्यानंतर मूल तापलं की मी आधी माझं टेबल तपासत असे, आईचे हात मागाहून.