क्रूझच्या आधी हॉटेलात आलेला आईचा फोन

घुग्घुसच्या आमच्या कॉलनीत आजपर्यंत जेवढी भुतं बोलली, त्यातली निम्मी मीच होतो. खोटं नाई सांगत. शाळेत होतो तेव्हा पाण्याच्या टाकीमागं लपून म्हातारीच्या आवाजात म्हणायचो, "पोट्टे हो... माहा चष्मा पाह्यला का रे?" अन् क्रिकेट खेळणारी पोरं बॅट तिथीच टाकून पळायची. त्यामुळं आत्मा-बित्मा, सिग्नल, संकेत... असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. ज्याच्या गळ्यातच भुताचा कारखाना हाय, तो भुताले काऊन भिणार? या ग्रुपवर तुमचे अनुभव वाचताना बी मले हेच वाटायचं — असंन कोणीतरी माझ्यासारखाच, टाकीमागं.

पण हे जे आज लिहून राह्यलो, ते कोणी केलं हे मले माहीत नाई. अन् पहिला संशय आला तो माझ्यावरच.

मी मिमिक्री करतो. गणपती, गॅदरिंग, हळदीचा कार्यक्रम — जो बोलावंन त्याच्याकडं. एसटीचा कंडक्टर, कोळशाचा ट्रक रिव्हर्स घेणारा क्लीनर, सिमेंट कंपनीचा भोंगा, सगळं येते. पण माझा हिट आयटम म्हणजे माझी आई. भाजीवाल्यासोबत भांडणारी, मधेमधे "हौ ना बाप्पा" म्हणणारी. ती स्वतः पहिल्या लाइनीत बसून तोंडाले पदर लावून हसायची अन् तिथूनच ओरडायची, "गोल्या, मी अशी नाई बोलत बे!" — अन् ते बी अगदी तसंच बोलायची. पब्लिक दोनदा हसायचं.

बाबा उलटे. कोळशाच्या खाणीत नोकरी केली, रिटायर झाले. दिवसभरात बोलणार किती, तर चहाच्या एका कपात मावंन एवढं.

क्रूझचं खूळ आईचं. मोबाइलवर तिनं ते पांढरं जहाज पाह्यलं, सात मजली, वर नाचणारे लोक. मुंबईहून निघते, समुद्रात फिरवते, परत आणून सोडते. आईनं मोठं पाणी म्हणून आयुष्यात फक्त वैनगंगेचा पूर पाह्यला होता. बाबा रिटायर झाले तसं तिनं तिघांचं बुकिंग करायले लावलं.

चंद्रपूरहून गाडी कधी पोचंन याचा भरवसा नाई, म्हणून एक दिवस आधी मुंबईत जाऊन हॉटेलात राहाचं ठरलं. आई म्हणाली, "जहाजाचं जहाजवाले पाहतीन. हॉटेल मी पाहीन."

अन् मंग रोज जेवण झालं की आडवी होऊन माझ्या मोबाइलवर हॉटेलांचे फोटो. लोक स्वीमिंग पूल पाहतात, नाश्त्याले काय हाय ते पाहतात. आमची आई जिना पाहे.

"गोल्या, याचा जिना दाखव."

"आई, लोक समुद्र पाहाले मुंबईले जातात. तू जिने पाहाले चालली का?"

"मुकाट्यानं दाखव. जास्त शहाणा नको बनू."

मले वाटलं, तिचे गुडघे दुखतात म्हणून असंन. शेवटी तिनं एक जुनं दोन मजली हॉटेल काढलं. खोल्या साध्या, पण दगडी जिना रुंद. फोटो मोठा करकरून तिनं तो बाबाले दाखवला. बाबांनी नुसती मान हलवली. बुकिंग केलं.

जहाजाचा दिवस लांब होता. त्याच्या आत आई गेली.

पोटात दुखते म्हणून नागपूरले नेलं होतं. एवढंच सांगतो, बाकी लिहिता येत नाई. हॉस्पिटलात तिचा वॉर्ड पार वरच्या मजल्यावर होता. बाबा रोज जिन्यानं चढायचे. डबा घेऊन, थर्मास घेऊन, धापा टाकत. म्हणायचे, "व्यायाम होते." मी जिम ट्रेनरच्या आवाजात मागून ओरडायचो, "कम ऑन अंकल! वन मोअर फ्लोअर!" नर्सा हसायच्या. आई मात्र खाटेवरून हळूच म्हणाली होती, "त्यायले नको चिडवू रे." तेव्हा बी मी हसण्यावारीच नेलं.

तेरवीच्या दिवशी जेवणं चालू होती. मामा रडत रडत म्हणाला, "गोल्या, एक डाव तिच्या आवाजात बोल न बेटा." मी बोललो. दोनच शब्द. "हौ ना बाप्पा." अन् बाबा पंगतीतून उठून उष्ट्या हातानंच माझ्यासमोर आले.

"आजपासून तिचा आवाज काढायचा नाई. स्टेजवर नाई, घरी नाई. ती काय आयटम हाय का तुहा?"

मी म्हटलं, नाई काढणार. अन् खरंच नाई काढला, मित्रहो. लोकांनी फर्माईश केली तरी नाई.

बाबा त्यानंतर जवळजवळ मुकेच झाले. जहाजाची तारीख जवळ आली तेव्हा कुरखेड्याची मावशी म्हणाली, "घेऊन जा त्यायले. तिची इच्छा व्हती." मले बी वाटलं, गेलो तर दोघं बापलेक कदाचित बोलूत. बाबा तयार झाले, पण म्हणाले, "त्या हॉटेलात नाई. ते तिनं काढलं व्हतं. दुसरं पाह्य."

मी नवीन हॉटेल काढलं. बंदराजवळ, उंच टॉवर, बाराव्या मजल्यावरची रूम, खिडकीतून जहाज दिसंन अशी. बाबाले सरप्राइज म्हणून नाव बी नाई सांगतलं. मावशीले नाई, मित्राले नाई. माझ्या मोबाइलवरून बुक केलं, माझ्या कागदपत्रांवरच्या नावानं. हे लक्षात ठेवा, कारण नंतर मी स्वतःच हे शंभरदा आठवून पाह्यलं हाय.

दुपारी पोचलो. बाबा माझ्या बाजूलेच बॅग धरून उभे. काउंटरवरच्या पोरीनं माझं ओळखपत्र पाह्यलं अन् हसून म्हणाली, "सर, तुमची रूम आम्ही बदलून ठेवलीय. पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागूनच."

"काऊन? मी तर बारावा मजला घेतला व्हता."

"हो, पण काल तुमच्या आईंचा फोन आला ना. म्हणाल्या, वरची खोली नको, आमचे हे लिफ्टमध्ये बसत नाहीत. त्यांना कारण विचारू नका, आणि मी फोन केला हेही सांगू नका म्हणाल्या..." अन् मग जीभ चावली पोरीनं. "अय्या, सॉरी! सांगितलंच मी."

मले पहिले हसूच आलं. वाटलं, दुसऱ्या कोणाचा फोन माझ्या नावावर चिटकवला हिनं. मी म्हटलं, "मॅडम, तुमची गडबड झाली. दुसरं कोणी असंन."

"नाही सर, त्यांनी तुमचंच नाव सांगितलं. पूर्ण नाव. आणि म्हणाल्या, माझा गोल्या वरचीच खोली घेईल, त्याला काही कळत नाही." ती हसली. "किती गोड बोलतात हो. प्रत्येक वाक्याला 'हौ ना बाप्पा'."

मी बाबाकडं पाह्यलं. माणसाच्या चेहऱ्यावरून रक्त कसं उतरते ते मी तेव्हा पाह्यलं. त्यांनी बॅग उचलली अन् जिन्यानं वर गेले.

रूमवर गेल्यावर मी दार लावलं, तसे म्हणाले, "तू तिले इकलं."

"बाबा..."

"एका खोलीसाठी तिचा आवाज इकला तू. मी नाई म्हणलं व्हतं तुले."

"बाबा, तुमची शप्पथ, मी फोन नाई केला. अन् लिफ्टचं काय? तुमी लिफ्टमध्ये काऊन नाई बसत?"

"नाटक नको करू! तिनंच सांगतलं असंन तुले. जाता जाता सांगतलं असंन."

अन् मंग रागारागात, खिडकीकडं तोंड करून, जे सांगतलं ते मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. नवीन नोकरीत होते तेव्हा खाणीत खाली उतरवणारा लोखंडी पिंजरा — डोली म्हणतात तिले — मधातच अटकली. वर नाई, खाली नाई, ठार अंधार. बाजूचा माणूस देवाचं नाव घेता घेता चूप झाला, बेशुद्ध पडला. बाबाले वाटलं, मेला. बाहेर काढलं तवापासून बंद डब्यात पाय ठेवला की त्यांचा जीव घाबरा होते. बदली मागून उघड्या खाणीवर आले अन् लोकांले सांगतलं, ओव्हरटाइम भेटते म्हणून. खाणीतला माणूस डोलीले भ्याला, हे सांगाची लाज.

"हे दोघांलेच माहीत व्हतं," बाबा म्हणाले. "मले अन् तिले."

म्हणजे ते जिने... अन् तो वॉर्ड. कम ऑन अंकल.

मी परत खाली गेलो. त्या पोरीले म्हटलं, नंबर दाखवा. ती म्हणाली, फोन हॉटेलच्या लँडलाइनवर आला होता, त्यावर नंबर दिसत नाही. मावशीले फोन लावला. ती म्हणाली, "मले तुमच्या हॉटेलाचं नाव बी माहीत नाई रे, काय झालं?" मी म्हटलं, काई नाई. त्या पोरीले खरं काय ते सांगाची माझी हिंमत झाली नाई.

दुसऱ्या दिवशी जहाजावर चढलो. आईनं मोबाइलवर पाह्यलं होतं तसंच होतं सगळं — पांढरं, दिवे, नाचणारे लोक. डीजे वाजून राह्यला होता. एका टेबलावर आमच्यासाठी तीन ताटं लावलेली, कारण बुकिंग तिघांचं. बाबांनी तिसरं ताट वेटरले उचलू दिलं नाई. मी वर, ते खाली. मी तिथी गेलो की ते उठून जायचे. त्या एवढ्या मोठ्या समुद्रात मले एकच गोष्ट पाह्यजे होती — माझ्या बापानं मले चोर समजू नये.

परत फिरलो त्या दिवशी दुपारी मी डेकवर रेलिंगले टेकून उभा होतो. बाबा आले. बाजूले उभे राह्यले. चारही बाजूले नुसतं पाणी.

"काढ," म्हणाले.

"काय?"

"तिचा आवाज. जसा फोनवर काढला तसा काढ."

"बाबा, मी नाई काढला..."

"काढ म्हणलं न. मी सांगून राह्यलो."

मी घसा खाकरला. "हौ ना बाप्पा..." म्हटलं. अन् माझं मलेच कळलं. परत म्हटलं. "अवो ऐकता का, चहा घेता का..." हळू करून पाह्यलं, नाकात करून पाह्यलं, डोळे मिटून पाह्यलं. निघत होती ती स्टेजवरची बाई. भाजीवाल्यासोबत भांडणारी, टाळ्या घेणारी. आई नाई. मी जेवढा जोर लावला तेवढी ती अजून लांब गेली. शेवटी माझाच आवाज फुटला.

बाबा म्हणाले, "ही ती नाई."

"नाई."

"या आवाजाले ती पोरगी गोड नसती म्हणाली."

"नाई बाबा."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "मंग तू नव्हता." अन् रेलिंग धरून, नाचणाऱ्या लोकांसमोर, तेरवीले बी न रडलेला माझा बाप रडला. मले पाह्यजे होतं ते भेटलं होतं. अन् मी उभा होतो जसं काई कोणी खिसा कापून नेला.

जहाज सकाळी लागलं, गाडी संध्याकाळची. सामान ठेवाले त्याच हॉटेलात गेलो. बाबा सरळ काउंटरवर. तीच पोरगी होती.

"बाई, तिचा फोन आला व्हता तवा... अजून काई म्हणाली का?"

पोरगी गोंधळली. "नाही काका, एवढंच. मी म्हटलं, मॅडम तुम्ही नाही येत का सोबत? तर म्हणाल्या, मला जमत नाही आता, हे दोघं येतील." मग घाबरून विचारलं, "मी सांगायला नको होतं का? त्या रागावल्या का?"

बाबा म्हणाले, "नाई बेटा. नाई रागावली." अन् तिच्या डोक्यावर हात ठेवला.

एवढंच झालं. कोणी म्हणंन, आईनं मरायच्या आधी कोणाले सांगून ठेवलं असंन. पण ते हॉटेल मी नंतर निवडलं, अन् कोणाले सांगतलं नव्हतं. कोणी म्हणंन, पोरगी खोटं बोलली. तिले गोल्या हे नाव कुठून भेटलं? लिफ्टचं कुठून कळलं? मी सगळं उलटंपालटं करून पाह्यलं. तुमच्यापैकी कोणाले जवाब सुचला तर खाली लिहा, मी वाचीन, पण मले नाई वाटत कोणाले सुचंन.

बाबा आता थोडं थोडं बोलतात. परवा चहा पिताना स्वतःहून म्हणाले, "गोल्या, काढत जा तिचा आवाज. आता मी काई नाई म्हणत."

मी खाणीतल्या ड्युटीवाल्यांच्या मोटरसायकली निघून गेल्या की रोडच्या कडेले गाडी लावतो, हेल्मेटात तोंड घालून प्रयत्न करतो. कंडक्टर येतो, क्लीनर येतो, भोंगा येतो.

ती येत नाई.