सतराचे दोन दगड

आमच्या बाबांना सगळे फूटपट्टी म्हणतात. समुद्राकाठच्या राज्य महामार्गावर ते मैलकुली होते. म्हणजे आपल्या तुकड्यावरचे खड्डे बुजवायचे, गटारं मोकळी करायची आणि दर वर्षी किलोमीटरचे दगड रंगवायचे: हिरवं डोकं, पांढरं अंग, काळा आकडा. त्यामुळे आमच्या घरात सगळं किलोमीटरमध्येच घडलं. माझा जन्म साडेचारला, कारण मोठं हॉस्पिटल तिथे. बाबांचं लग्न नवाला फिसकटलं आणि अकराला जमलं. आई म्हणते, "सुटले बिचारे नववाले."

रस्त्याचा इतिहास त्यांना तोंडपाठ, आणि कुणी विचारो न विचारो, ते सांगणारच. शून्य बंदराच्या फाटकात. मग गोदामं, बाजार, हॉस्पिटल, मिठागरं, दीपगृह, आणि एकतीसला खाडीचा पूल. आधी ही नुसती मिठाच्या गाड्यांची चाकोरी होती. पुढे खडी पडली, डांबर पडलं, सरकारने नंबर दिला आणि शहर दोन्हीकडून अंगावर आलं. सतराजवळचं वळण मात्र समुद्राला कधी मानवलं नाही. एका वादळात त्याने अर्धं वळण गिळलं, आणि तिथे दगड रचायला गेलेले माझे आजोबाही. तेही मैलकुलीच. ते सापडलेच नाहीत. त्यानंतर रस्ता आत सरकवला, नवे दगड बसले. नवा सतरा आता पेट्रोल पंपासमोर आहे.

मी अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेते. त्या मंगळवारी दुपारी सव्वातीनला फोन वाजला आणि स्क्रीनवर नंबर आईचा.

"एक बाई पडल्यात," कुणी अनोळखी माणूस धापा टाकत बोलत होता. "त्यांचाच फोन आहे. पाय अडकलाय. महामार्गाचा दगड आहे इथे, सतरा लिहिलंय."

एवढ्यात फोन बंद पडला. परत लावला, लागेना. मी गाडी सोडली आणि घड्याळाकडे बघत बसले. रोज पन्नास जणांना "घाबरू नका" म्हणणारी मी, माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

नवव्या मिनिटाला ड्रायव्हर म्हणाला, "ताई, सतरावर कुणीच नाही. पंपवाल्यालाही विचारलं."

"नीट बघा! पुढेमागे बघा!"

"बघितलं ताई. रस्ता मोकळा आहे."

मी बाबांना फोन लावला. "आई कुठे आहे?"

"येईल इतक्यात. का गं?"

"ती सतराच्या दगडापाशी पडलीये, असा फोन आला. गाडी तिथे उभी आहे आणि आई तिथे नाहीये!"

बाबा हळूच म्हणाले, "कुठल्या सतराच्या?"

मग त्यांनी भराभर सगळं सांगितलं.

जुन्या तुकड्यावरचे चार दगड उपटून आणायचा हुकूम बाबांनाच झाला होता. त्यांनी तीनच आणले. चौथा, सतराचा, आजोबांच्या हातचा होता. आजोबांची दुसरी कुठलीच खूण नव्हती, म्हणून बाबांनी साहेबाला "चारही आणले" असं ठोकून दिलं, आणि दर वर्षी उरलासुरला रंग नेऊन तो रंगवत राहिले. निवृत्त झाल्यावरही. यंदा गुडघा साथ देईना, म्हणून डबा-ब्रश घेऊन आई गेली होती. मला दोघांनी पत्ता लागू दिला नव्हता, का तर मी ओरडेन.

"भरती सव्वाचारची आहे," बाबा म्हणाले. "पण खालच्या खडकांत पाणी आधीच शिरतं."

त्या क्षणी मला बाबांचा असा संताप आला की तसा आयुष्यात कधी आला नव्हता. पण संतापायलाही वेळ नव्हता. एका कानाला बाबा, दुसऱ्या कानाला ड्रायव्हर.

"पंपापासून मागे साडेतीनशे मीटर," बाबांचा आवाज कापत होता, आकडे कापत नव्हते. "मोडका विजेचा खांब. तिथून डावीकडे. दोनशेवर साखळी आहे, कुलूप गंजलंय, लाथ घालायला सांग. पुढे एकशेवीस."

मी तसंच्या तसं पुढे सांगत गेले. मग माझ्या एका कानात नुसता इंजिनाचा आवाज आणि दुसऱ्यात बाबांचा श्वास.

"सापडल्या!" ड्रायव्हर ओरडला. "शुद्धीवर आहेत!"

तीन एक्केचाळीस झाले होते. आईच्या कमरेपर्यंत पाणी आलं होतं. गळ टाकायला आलेला एक माणूस तिला काखेत धरून उभा होता. फोन त्याच्या हातून पाण्यात पडला होता, आणि मदतीला जायचं तर तिला सोडावं लागलं असतं.

त्याच साडेचारच्या हॉस्पिटलात, पायाला प्लास्टर घातलेली आई म्हणाली, "एक झाला होता रंगवून. सातच राहिला."

मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, "आमच्या कॉम्प्युटरवर 'जुना सतरा' अशी नोंद करून टाकते."

"नको," बाबा म्हणाले. "एका रस्त्यावर सतरा एकच असतो. मला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

रविवारी ते छिन्नी-हातोडा घेऊन निघाले. मी सोबत गेले. दुखरा गुडघा पसरून ते दगडासमोर बसले आणि आजोबांनी कोरलेला आकडा फोडू लागले. आधी सात, मग एक. मी विचारलं, उपटूनच नेऊ या का?

"तेवढं नाही होणार माझ्याच्याने," ते म्हणाले आणि रडले. मी बाबांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. नंतर त्यांनी दगडाला वर हिरवा, खाली पांढरा रंग दिला. काळ्याचा डबा उघडलाच नाही.

गेल्या महिन्यात एका मुलीचा फोन आला. मैत्रीण खडकावरून घसरली होती, आणि ही रडत होती, "कुठे आहोत तेच कळत नाही हो! एक दगड आहे, पण त्याच्यावर काहीच लिहिलेलं नाही!"

"कळलं," मी म्हटलं. "गाडी निघाली."