धारूरचे आप्पा आणि लेकीची गोळी

“त्याच्या बदली हे चालतंय की!”

धारूरला आप्पांच्या किराणा दुकानात हे वाक्य ऐकू आलं, की समजायचं, कुणाच्या तरी पिशवीत मागितलेलं सोडून भलतंच पडलं. तूरडाळ संपलेली असली तर आप्पा मूगडाळ बांधून द्यायचे, आणि गिऱ्हाईक खुशीत जायचं. असा दुकानदार तुम्हीही पाहिला असेल. दुकानात ठीक आहे हो. दवाखान्यात नाही.

मी केजला मुलांच्या दवाखान्यात नर्स. आप्पा दहा वर्षांच्या लेकीला घेऊन आले, तेव्हा तिचे हात थरथरत होते. चार भाकरी खाऊनही अंगावर मांस नाही, बसल्या जागी छाती धडधडतेय. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत होती. डॉक्टरांनी ती आवरणारी गोळी दिली. मी सगळं कागदावर लिहून दिलं : गोळी कधी, रक्ततपासणी कधी. शेवटी तांबड्या शाईत : ताप आला किंवा घसा दुखला तर गोळी थांबवा, त्याच दिवशी या. पुढच्या खेपेला बघते, तर त्याच कागदामागे दुकानाची यादी : साबण, काडेपेटी, गूळ!

दोन महिन्यांत पोरगी सुधारली. तिसऱ्या महिन्यात पुन्हा तीच थरथर.

“गोळी चुकवली?”

“येक दिवस न्हाई, सिस्टर.”

“पाकीट दाखवा.”

पाकीट दुसरंच निघालं.

“हिच्या संपल्या, धारूरात मिळंनात. हिची आई बी थायरॉइडचीच गोळी खाती. म्हणलं, त्याच्या बदली...”

“आप्पा! आईची ग्रंथी मंद, म्हणून तिला ग्रंथीचा रस गोळीतून वरून द्यायचा. लेकीच्या अंगात तोच जास्त झालाय. उधळलेल्या बैलाला पराणी टोचलीत तुम्ही!”

लेक फिसकन हसली. आप्पा नाही. “लई बोलता तुमी,” एवढंच पुटपुटले.

योग्य गोळी पुन्हा सुरू झाली. मी तोच कागद नव्यानं लिहिला, मागची बाजू आडव्या रेघांनी भरून टाकली.

थंडीत एका सकाळी दवाखाना उघडायला गेले, तर दोघं पायरीवर. शालीत गुंडाळलेली लेक तापानं फणफणलेली, थुंकी गिळवत नव्हती.

“आजची गोळी?”

“न्हाई दिली.”

“मग बदली काय दिलंत? काढा? मेडिकलमधलं काही?”

“काईच न्हाई, सिस्टर. थांबवा लिवलंय, थांबवली. पयली जीप धरली.”

रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार उतरल्या होत्या. या गोळीनं क्वचित तसं होतं. आणखी चालू ठेवली असती तर पोरगी हाती लागली नसती. डॉक्टरांनी तिथूनच बीडला पाठवलं. आप्पा लेकीला उचलून गाडीत बसले, ते अनवाणीच. चपला आमच्या दारात राहिल्या.

ती गोळी कायमची बंद झाली. पुढे मोठ्या शहरात ग्रंथीचं ऑपरेशन झालं, तपासण्याही तिकडेच. आमच्याकडचं येणं संपलं. मध्ये एकदा मी फोन केला.

“आप्पा, चपला इथं राहिल्यात तुमच्या. कधी नेताय?”

“आसू द्या हो. पोरगी आज शाळंत गेली, सिस्टर. चालत गेली.”

दवाखान्याच्या कपाटात बिनकामाची वस्तू ठेवायची नाही, हा नियम माझाच. चपला अजून खालच्या कप्प्यात आहेत.